मदत हवी आहे: सोलर स्टार्टअपमध्ये १० लाख घालावेत का?

फोंडेकर:
पणजीतल्या एका सोलर कंपनीत पैसे घालायचा विचार आहे. प्रायव्हेट लिमिटेड आहे, डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता आहे. हॉटेलांच्या छतावर स्वतःच्या खर्चाने पॅनल बसवून युनिटप्रमाणे वीज विकणार. मला १० लाखांची 'कन्व्हर्टिबल नोट, १४ टक्के व्याज' देऊ म्हणतात. काय तपासावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

मांडवीकाठ:
आधी नोटेचं बघा. कन्व्हर्टिबल नोट म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, आणि स्टार्टअपने घेतलेली अशी रक्कम ठेव मानली जात नाही, ही सवलत आहे. पण त्यासाठी नोट एकरकमी किमान २५ लाखांची लागते. १० लाखांची नोट त्या सवलतीत बसत नाही, ती ठेव ठरू शकते, आणि प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्यांकडून ठेवी घेता येत नाहीत. उद्या वाद झाला तर तुमचा कागदच लंगडा पडेल.

त्याऐवजी सीसीपीएस, म्हणजे पुढे साधे शेअर होणारे प्रेफरन्स शेअर मागा. व्याजाची हमी जाईल, पण कागद पक्का. त्यासाठी तुमच्या नावाचं पीएएस-४ ऑफर लेटर हवं. पैसे तुमच्या बँक खात्यातूनच द्या, रोख नको. ६० दिवसांत शेअर नाही मिळाले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, नाहीतर १२ टक्के व्याजासकट. पीएएस-३ (शेअर दिल्याची सरकारकडे नोंद करायचा फॉर्म) भरेपर्यंत कंपनीला त्या पैशांना हात लावता येत नाही. 'पैसे आधी पाठवा, कागद मागाहून करू' म्हणाले तर तिथेच थांबा.

एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर थोडी फी भरून ताळेबंद आणि बँकेचा बोजा दोन्ही बघता येतात. येणं किती थकलंय ते नक्की बघा.

छप्परवाला:
त्यांचा एक्सेल मागून घ्या. गोव्यात १ किलोवॅटला वर्षाला साधारण १,४०० युनिट धरावेत. १,८०० धरले असतील, किंवा जुलै आणि मार्चचा आकडा सारखाच असेल, तर हिशेब कच्चा आहे.

किनाऱ्यावर खारी हवा. पॅनलला आयईसी ६१७०१ (खाऱ्या हवेत टिकण्याच्या) चाचणीचं प्रमाणपत्र हवं, स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं हवं. जागेवर ड्रिल मारला की भोकाच्या कडेचा जस्ताचा थर जातो आणि गंज तिथूनच चढतो. तिथे झिंक पेंट मारतात का, जुन्या साइटवर जाऊन बघा.

सगळ्यात मोठी गोम करारात असते. वीजविक्रीचा करार २० वर्षांचा आणि हॉटेल ९ वर्षांच्या लीजवर, असं असेल तर लीज संपल्यावर पॅनल कोणाच्या छतावर राहणार? जमीनमालकाची सही करारावर आहे का ते विचारा.

फोंडेकर:
आभारी आहे. मध्येच बाहेर पडायचं झालं तर?

मांडवीकाठ:
अवघड. शेअर विकायला बहुधा संचालक मंडळाची संमती लागते. प्रवर्तक विकतील त्याच भावाने तुमचेही घेतले जातील, हे कलम आत्ताच घालून घ्या.