पाऊण बरोबर उत्तराचा ताप
असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देणाऱ्या भाषेत, कोड लिहिताना चॅटबॉट सपशेल आपटतो असं कुणीतरी म्हटलंय, पण माझ्या मते तो पाऊण बरोबर असतो हाच खरा ताप आहे. मी एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४ बिटचे प्रोसेसर) वर एकेक बाइट एएलमध्ये, म्हणजे आरएएक्स या प्रोसेसरमधल्या ६४ बिटच्या रजिस्टरच्या सर्वात खालच्या ८ बिटांत, वाचून अख्खा आरएएक्स टेबलचा इंडेक्स म्हणून वापरत होतो आणि मधूनच सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरी पत्त्यामुळे प्रोग्राम बंद पडणं), तर चॅटबॉट ठामपणे म्हणे एएलमध्ये लिहिलं की वरचे सगळे बिट शून्य होतात. अहो, ते ईएएक्सचं, म्हणजे आरएएक्सच्या खालच्या ३२ बिटांचं, झालं, एएलमध्ये लिहिलं तर उरलेले ५६ बिट जसेच्या तसे राहतात, जीडीबी या डीबगरमध्ये बघितलं तर जुना कचरा तसाच पडलेला! मूव्हझेडएक्स (वरचे बिट शून्याने भरून कॉपी करणारी इन्स्ट्रक्शन) टाकलं नि मिटलं. चूक दाखवली तर लगेच माफी मागून 'मूव्हझेडएक्स आरएएक्स, ईएएक्स' देऊन मोकळा, अशी इन्स्ट्रक्शनच नाहीये, निदान असेंबलरने (असेंब्लीचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) तरी ती हाकलून लावली.