मान आधी लांबली की अंग वाढलं?

लांब मानेच्या अवाढव्य डायनासोरांची (सॉरोपॉडांची) हाडं गोकाकच्या वालुकाश्मात मिळतील का, असं एकाने विचारलंय. नाही मिळणार. तो खडक डायनासोरांच्या कितीतरी आधीचा, आणि निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्याला जवळचं ठिकाण गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडचं, प्राणहिता-गोदावरीचं खोरं. तिथल्या कोटा नावाच्या खडकाच्या थरात बारापासॉरस आणि कोटासॉरस हे लांब मानेचे डायनासोर सापडले. बारापासॉरसच्या मांडीचं हाड सुमारे 1.7 मीटर, म्हणजे उभ्या माणसाएवढं! कवटी मात्र मिळाली नाही. नाजूक कवटी धडापासून लवकर सुटते, हे नेहमीचंच दुखणं.

आता मूळ मुद्दा. याच वंशातला सुरुवातीचा बुरिओलेस्टेस (ब्राझील, सुमारे 23.3 कोटी वर्षांपूर्वी) जेमतेम दीड मीटरचा, दोन पायांवर चालणारा, मांस खाणारा. पुढे पाला खाणं आलं. चावायचं नाही, ओरबाडून गिळायचं; मग जड जबडा नको, डोकं लहान राहतं आणि लांब मानेला ते पेलतं. मणक्यांतल्या हवेच्या पोकळ्यांनी मान आणखी हलकी झाली.

पण वजन वाढलं की पाय खांबासारखे सरळ झालेच, असं इथे कुणी म्हटलंय, ते मला पटत नाही. त्यांचाच नातेवाईक, दक्षिण आफ्रिकेचा लेडुमाहाडी सुमारे 12 टनांचा, चार पायांवर चालणारा, तरी पाय वाकलेलेच. अवाढव्यपणा एकाच वाटेने आला नाही.

सिरोंच्याला गेलात तर तुकडा भिंगाखाली धरा. हाडात जाळीदार छिद्रं दिसतात, साध्या दगडात नाहीत. उचलू नका, कुठल्या थरातला ते कळेनासं झालं की त्याची किंमतच जाते.