मदत हवी आहे : डिकीचे विजेवरचे कुलूप उघडत नाही, त्याला रिमोट कसा जोडावा?

उघडे_छप्पर :
नमस्कार. माझ्याकडे १९९६ सालची टीव्हीआर (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. डिकी उघडण्यासाठी आत एक बटण आहे, ते दाबले की सोलेनॉइड (वीज मिळाली की आतला लोखंडी गाभा ओढून घेणारी कॉइल) खटका ओढतो आणि झाकण वर येते. गेले दोन महिने बटण दाबल्यावर नुसते 'टक' वाजते, झाकण हलत नाही. कधी तीन वेळा दाबल्यावर उघडते, कधी दहा वेळा दाबूनही उघडत नाही. मागच्या रविवारी छप्पर काढून निघालो होतो, वाटेत पाऊस आला आणि छप्पर डिकीत अडकून राहिले. दोन्ही सीट पूर्ण भिजल्या, गालिच्याखाली साचलेले पाणी अजून वाळलेले नाही.
मला आता जुने बटण काढून टाकायचे आहे आणि किल्लीच्या रिमोटवरून थेट सोलेनॉइड चालवायचा आहे. रिमोटचा संच आणून ठेवला आहे. कोणता रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्यावा आणि कोणती वायर कुठे जोडावी, एवढेच सांगावे. येत्या रविवारच्या आत काम संपवायचे आहे.

तांब्याची_तार :
उत्तर देण्याआधी थोडी माहिती हवी आहे. मॉडेल कोणते? 'टक' हा आवाज डिकीतून येतो की डॅशबोर्डखालून? डिकीला बाहेरून किल्लीचे भोक आहे का? इंजिन चालू असताना डिकी अधिक सहज उघडते का? बटण दाबलेले असताना सोलेनॉइडच्या दोन टोकांवर किती व्होल्ट मिळतात, हे मोजले आहे का? या शेवटच्या प्रश्नावर बाकी सगळे अवलंबून आहे.

चौथा_गिअर :
माझे मत स्पष्ट आहे. डिकीसारख्या साध्या गोष्टीला वीज लावूच नये. मी माझ्या जुन्या गाडीतला सोलेनॉइड काढून सायकलच्या ब्रेकची केबल बसवली, तिचे दुसरे टोक सीटच्या मागे नेले आणि तिथे एक लहान मूठ लावली. अकरा वर्षांत एकदाही अडचण आली नाही. बॅटरी उतरली तरी डिकी उघडते. तुम्ही रिमोट बसवलात तर बिघाडाच्या जागा वाढतील, कमी होणार नाहीत.

रिलेवाला :
धागाकर्त्यांनी रिमोट विचारला आहे, केबल विचारलेली नाही. चार टोकांचा साधा ३० अँपिअरचा रिले घ्या. ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली वायर जोडा आणि ८७ वरून सोलेनॉइडला वायर न्या. ८६ ला बॅटरीचा पॉझिटिव्ह द्या आणि ८५ ला रिमोटच्या संचातून येणारी निगेटिव्ह वायर जोडा. सोलेनॉइडचे दुसरे टोक तिथल्या तिथे बॉडीला भोक पाडून अर्थ करा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट द्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

उघडे_छप्पर :
मॉडेल किमेरा. आवाज डिकीतून येतो. किल्लीचे भोक नाही. इंजिन चालू असताना थोडे बरे चालते, हे मात्र खरे आहे. सोलेनॉइडच्या वायरवर मल्टीमीटर लावून पाहिला, १२.५ व्होल्ट येतात, म्हणजे वीज पूर्ण पोहोचते आहे. सोलेनॉइडच म्हातारा झाला असावा. रिलेवाला यांनी सांगितले तसे आज रात्री जोडतो.

तांब्याची_तार :
कृपया आज रात्री काहीही जोडू नका. दोन गोष्टी आधी नीट समजून घ्याव्यात, कारण दोन्हींमुळे काम वाया जाणार आहे.
पहिली गोष्ट अर्थची. किमेराची संपूर्ण बॉडी फायबरग्लासची आहे आणि ती लोखंडी नळ्यांच्या चासीवर बसवलेली आहे. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे डिकीत बॉडीला भोक पाडून स्क्रू पिळला तर अर्थ मिळणारच नाही. पत्र्याच्या गाडीत हा उपाय चालतो, इथे चालणार नाही. या गाडीत प्रत्येक दिव्याची आणि प्रत्येक मोटरची निगेटिव्ह बाजू स्वतंत्र वायरने चासीपर्यंत परत आणावी लागते, आणि अशा गाड्यांतले विजेचे बहुतेक रडगाणे त्या परतीच्या वाटेवरच सुरू होते.
दुसरी गोष्ट मापनाची. तुम्ही १२.५ व्होल्ट मोजले ते बटण दाबून, सोलेनॉइड जोडलेला असताना मोजले, की वायर सुटी काढून? शिवाय मल्टीमीटरची काळी तार कुठे टेकवली होती? सुट्या वायरवर मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. सोलेनॉइड आठ-दहा अँपिअर ओढू लागला की तोच सांधा तीन व्होल्ट गिळून टाकतो. मोजायचे ते भार असतानाच.

रिलेवाला :
फायबर बॉडीचे माझ्या लक्षात आले नाही, कारण धाग्यात ते कुठेच लिहिलेले नव्हते. अर्थबाबतचे माझे वाक्य मागे घेतो. रिलेचा सल्ला मात्र बरोबरच आहे. लहान बटणाच्या संपर्कांतून इतका करंट नेणे हीच मुळात चूक आहे. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतात, त्यामुळे बटणही टिकते आणि वायरही बारीक चालते.

चौथा_गिअर :
रिले डिकीत ठेवणार की बॅटरीजवळ? डिकीत पाणी येत असेल तर तो सहा महिन्यांत गंजेल.

रिलेवाला :
अर्थात डिकीत, सोलेनॉइडच्या शेजारी. टोके खाली तोंड करून बसवला तर पाणी आत साचत नाही.

निळा_धूर :
डिकीचे झाकण उघडत नसेल तर झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे बदला. मी माझ्या गाडीत अधिक ताकदीचे दांडे बसवले आणि आता झाकण सुटले की स्वतःहून पूर्ण वर जाते. फार समाधान वाटते.

तांब्याची_तार :
निळा धूर, तुमचा अनुभव झाकण वर उचलण्याचा आहे, इथे खटकाच सुटत नाही. उलट, या अडचणीत ताकदवान दांडे अपाय करू शकतात. झाकण बंद असताना दांडा किंवा कडेचे नवे जाड रबर जितक्या जोराने त्याला वर ढकलते, तितकी खटक्याची जीभ ती जिच्यात अडकते त्या कडीवर घट्ट दाबली जाते. ते घर्षण सोलेनॉइडलाच मोडून काढावे लागते.
धागाकर्त्यांनी ही चाचणी करून पाहावी. एकाने झाकणावर तळहाताने हलके दाबून धरावे आणि दुसऱ्याने बटण दाबावे. दाबल्यावर डिकी लगेच उघडली, तर विजेइतकाच दोष खटक्याच्या जुळणीचाही आहे.

उघडे_छप्पर :
इतके सगळे मोजत बसायला वेळ नाही असे मला वाटत होते, पण काल रात्री मित्राला बटणावर बसवून मोजलेच. मागच्या वेळी मी खरोखरच वायर सुटी काढून आणि काळी तार चासीला लावून मोजले होते.
बटण दाबलेले असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि सोलेनॉइडच्या दोन टोकांमध्ये फक्त ८.९ व्होल्ट मिळाले. सोलेनॉइडच्या निगेटिव्ह टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत २.६ व्होल्ट दिसले. कॉइलचा रोध सुमारे १.१ ओहम आहे. तळहाताने दाबल्यावर पाचपैकी चार वेळा डिकी उघडली. आता सांगा, कोणता रिले?

तांब्याची_तार :
ही माहिती पहिल्या दिवशी मिळाली असती तर दोन दिवस वाचले असते, पण आता चित्र स्वच्छ आहे. एकूण ३.५ व्होल्ट वाटेत हरवत आहेत. त्यांतले २.६ अर्थच्या बाजूला आणि उरलेले ०.९ पॉझिटिव्ह बाजूला, म्हणजे बटण, फ्यूज आणि लांब वायर यांत. सोलेनॉइडला ८ अँपिअरच्या आसपास करंट मिळतो. सोलेनॉइडची ओढ साधारणपणे करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे करंट थोडा घटला तरी ओढ बरीच घटते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि ओढ जवळजवळ सव्वापट होते, म्हणून तेव्हा कधीकधी डिकी उघडते.
रिले पॉझिटिव्ह बाजूचे ०.९ व्होल्ट वाचवेल. अर्थचे २.६ व्होल्ट तो वाचवू शकत नाही. म्हणून आधी सोलेनॉइडच्या काळ्या वायरचा माग काढत चासीपर्यंत जा.

उघडे_छप्पर :
माग काढला. वायर डाव्या बाजूच्या गालिच्याखालून जाऊन एका बोल्टवर संपते आणि तिथे चार वायरींच्या टोकांच्या धातूच्या चकत्या एकावर एक बसवलेल्या आहेत. बोल्ट सैल केला तेव्हा सर्वांत खालच्या चकतीखाली हिरवट पांढरी भुकटी निघाली, आणि चकतीच्या मानेपाशी तांब्याचे बहुतेक तंतू तुटून काळे पडलेले दिसले. पाच-सहाच धागे शिल्लक होते. आवरणावरून हात फिरवला तर वायर अगदी धडधाकट वाटत होती. बोल्टची जागा पॉलिश कागदाने उजळ धातू दिसेपर्यंत घासली, २.५ चौरस मिलिमीटरची नवी वायर नवी चकती दाबून बसवली आणि वरून ग्रीस लावले. आता बटण दाबल्यावर सोलेनॉइडवर ११.१ व्होल्ट मिळतात. डिकी दहापैकी आठ वेळा पहिल्याच दाबात उघडली.

तांब्याची_तार :
फार चांगले काम केलेत. नुसत्या या दुरुस्तीने ओढ सुमारे दीडपट झाली आहे. उरलेल्या दोन वेळांचा दोष खटक्याच्या जुळणीत आहे. कडीचे बोल्ट सैल करून ती अगदी थोडी, एखादा मिलिमीटर, वर घ्या म्हणजे रबर किंचित कमी दाबले जाईल, पण पाणी आत येणार नाही याची खात्री करा. जिभेच्या घासणाऱ्या कडेला ग्रीस द्या. सोलेनॉइड आणि खटका यांना जोडणाऱ्या दांडीत ढिलाई असेल तर ती काढा, मात्र खटका पूर्ण बंद होण्याइतकी जागा राहू द्या. गाभा कॉइलपासून जितका दूर तितकी सुरुवातीची ओढ कमी असते, म्हणून दांडी जागच्या जागी अडखळते.

उघडे_छप्पर :
कडी वर घेतली. वीसपैकी वीस वेळा उघडली. आता रिमोट जोडू का?

रिलेवाला :
आता अवश्य जोडा. रिले आणि जाड वायर मी आधी सांगितल्याप्रमाणेच, फक्त अर्थ नव्या वायरवर. वायरीच्या जाडीत कंजूषी करू नका. चार मीटर अंतर धरले तर १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाऊन-येऊन दहा अँपिअरला जवळजवळ १.४ व्होल्ट जातात, २.५ च्या वायरीत अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर. फ्यूज १५ अँपिअरचा आणि तो बॅटरीजवळच.
रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) लावा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे, म्हणजे ८६ कडे. उलटा लावला तर रिमोटचा संच जळेल. डायोड आतच बसवलेला रिले असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल करू नका.

तांब्याची_तार :
रिलेवाला यांच्याशी पूर्ण सहमत आहे, पण त्यात भर घालणे गरजेचे आहे. १५ अँपिअरचा फ्यूज सोलेनॉइडला वाचवणार नाही. सोलेनॉइड दहा अँपिअर घेतो, त्यामुळे रिलेचे संपर्क चिकटले किंवा बटण अडकले तर फ्यूज शाबूत राहील आणि कॉइलमध्ये शंभराहून अधिक वॉट उष्णता साचत जाईल. तो फ्यूज वायरीसाठी आहे. म्हणून रिमोटच्या संचाचा हा मार्ग एका सेकंदाहून कमी काळाच्या स्पंदावर ठेवा, दाबून धरेपर्यंत चालू राहणाऱ्या मार्गावर ठेवू नका, आणि सोलेनॉइडवरही ३ अँपिअरचा १एन५४०८ डायोड तसाच लावा, म्हणजे ठिणगीने संपर्क चिकटण्याची शक्यता कमी होईल.
शिवाय खिशातले बटण चुकून दाबले गेल्यावर धावत्या गाडीची डिकी उघडता कामा नये. पाच टोकांचा दुसरा रिले घ्या, त्याची कॉइल इग्निशनवर जोडा आणि रिमोटची वायर त्याच्या ३० आणि ८७ए या टोकांमधून न्या. इग्निशन चालू झाले की ती वाट तुटते. आतले बटण मात्र या वाटेबाहेर ठेवा, ते काढून टाकण्याचा विचार सोडून द्या.

चौथा_गिअर :
आणि बॅटरी उतरली तर? किल्लीचे भोक नाही, हे अजून कोणी गांभीर्याने घेतलेले नाही.

रिलेवाला :
त्यासाठी दोन लपवलेल्या वायरी बाहेर काढून ठेवता येतात. दुसरी बॅटरी टेकवली की सोलेनॉइड चालतो.

चौथा_गिअर :
सोलेनॉइडच जळला असेल तर दुसरी बॅटरी काय करणार? अर्थची वायर कशी आतून तुटली होती, ते आताच वाचले ना? केबलला यातले काहीच लागत नाही.

तांब्याची_तार :
या मुद्द्यावर चौथा गिअर यांचे म्हणणे मला पटते. सोलेनॉइड राहू द्या, पण खटक्याच्या त्याच दांडीला एक केबल बांधा, तिच्यात थोडी ढिलाई ठेवा म्हणजे ती सोलेनॉइडला आडवी येणार नाही. टोक प्रवासी कक्षात असावे. बाहेर, नंबरप्लेटच्या दिव्यामागे वगैरे ठेवले तर ज्याला ठाऊक आहे त्या प्रत्येकाला तुमची डिकी उघडी.

उघडे_छप्पर :
तिन्ही कामे झाली. रिले डिकीत टोके खाली करून बसवला, इग्निशनचा दुसरा रिले जोडला, केबल सीटमागच्या गालिच्याखाली नेली. काल छप्पर डिकीत ठेवून झाकण लावले, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि केबल ओढली. पहिल्या वेळी उघडले नाही, ढिलाई जास्त झाली होती. गाडीखाली आडवे पडून मागच्या दिव्याच्या भोकातून हात घालावा लागला आणि त्यात पाऊण तास गेला. केबल एक सेंटिमीटर आखूड केल्यावर सलग दहा वेळा उघडली. चौथा गिअर, तुमचे विशेष आभार, कारण हे मी रस्त्यावर पावसात शिकलो असतो.
एक राहिले. रिमोटने उघडताना आता झाकण सुटते पण बोटभरच वर येते. हे रबर कमी दाबल्यामुळे आहे का?

तांब्याची_तार :
होय. रबराचा धक्का कमी झाला आहे. कडी खाली घेऊ नका. झाकणाच्या दोन्ही कोपऱ्यांत उंची पिळून जुळवता येणारे रबरी ठोकळे असतील तर ते अर्धा-अर्धा आटा वर घ्या आणि प्रत्येक वेळी तळहाताची चाचणी पुन्हा करा.

निळा_धूर :
इथे मात्र गॅसचे दांडे चालतील का?

तांब्याची_तार :
आधी ठोकळे. त्यांनी भागले नाही तरच दांडे, आणि तेही मूळ ताकदीचेच.