मदत हवी आहे: मुलाला जंताचं औषध किती द्यायचं? जरा लवकर सांगा

पाथर्डीफाटा
मुलाला रात्री शीच्या जागी भयंकर खाज सुटते, रडत उठतो. काल बायकोने मोबाईलच्या टॉर्चने बघितलं तर पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळत होतं. म्हणजे जंतच, त्यात शंका नाही. घरात मोठीसाठी आणलेली जंताच्या औषधाची बाटली तशीच सीलबंद पडली आहे, एक्सपायरी पुढच्या वर्षीची. किती द्यायचं तेवढंच सांगा. आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत आणि जंतासाठी दुसऱ्या कोणाकडे नंबर लावून बसायची इच्छा नाही. घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यायचं असतं म्हणे, तर आज रात्रीच उरकून टाकतो.

अनघा_नाशिकरोड
मुलाचं वय? वजन? औषधाचं नाव? काहीच लिहिलं नाही आणि म्हणे किती द्यायचं सांगा.

सातपूरचा_फिटर
आख्खी बाटली द्यायची, विषय संपला. आमच्या दोन्ही पोरांना दर सहा महिन्याला देतो, आजपर्यंत काही झालं नाही. इथे विचारत बसाल तर लोक घाबरवून सोडतील.

पंचवटीची_मावशी
बाळा औषधं कशाला, वावडिंगाचं पाणी दे सकाळी अनशापोटी. आणि गूळ, बिस्किटं, चॉकलेट बंद कर आधी, गोडानेच होतात जंत. झोपेत दात खातो का तो? खात असेल तर नक्की जंत.

अनघा_नाशिकरोड
मावशी, गोडाने जंत होत नाहीत, अंडी पोटात गेल्याने होतात. आणि दात खाण्याचा जंताशी संबंध नाही, माझी मुलगी वर्षानुवर्षं दात खाते, तपासणीत कधी काही निघालं नाही.

पंचवटीची_मावशी
आमच्या चार पिढ्या वावडिंगावर वाढल्या, आता तुम्ही शिकवा.

मेडिकल_काउंटर
मी फार्मासिस्ट आहे, दुकान सिडकोत. पाथर्डीफाटा, बाटली हातात घ्या आणि लेबलवर बारीक अक्षरात जे लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. मोठं नाव नको, खालचं. मुलाचं वय, वजन पण टाका. आणि शाळेत किंवा अंगणवाडीत नुकतीच गोळी दिली होती का?

पाथर्डीफाटा
वय साडेतीन. वजन १३ च्या आसपास. लेबलवर अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन असं आहे. अंगणवाडीत गोळी दिली होती मागच्या आठवड्यात, पण ती सगळ्याच पोरांना देतात, त्याचा इथे काय संबंध? आता किती एमएल ते सांगणार का कोणी?

मेडिकल_काउंटर
संबंध आहे म्हणूनच विचारलं, आता नीट वाचा. ही बाटली त्याला देऊ नका. त्यात दोन औषधं आहेत. आयव्हरमेक्टिन १५ किलोच्या खालच्या मुलांना आम्ही काउंटरवरून देत नाही, तेवढ्या लहान मुलांत ते सुरक्षित आहे असं ठरलेलं नाही, डॉक्टरने विचार करून लिहिलं तर गोष्ट वेगळी. तुम्ही वर्णन केलंय त्या सुतकृमीला त्याची गरजही नसते, नुसतं अल्बेंडाझोल पुरतं. आणि तेच त्याच्या पोटात मागच्या आठवड्यात गेलंय. अंगणवाडीतली गोळी म्हणजे अल्बेंडाझोल ४००, दोन वर्षांच्या पुढे पूर्ण आणि एक ते दोन वर्षांच्या पोरांना अर्धी, चुरून पाण्यातून.

पाथर्डीफाटा
मग गोळी घेऊन पण जंत दिसतायत म्हणजे गोळी बोगस होती का? सरकारी म्हटल्यावर काय.

मेडिकल_काउंटर
बोगस नाही. औषध जंत मारतं, अंडी मारत नाही. अंडी चादरीवर, नखात, चड्डीत दोनेक आठवडे जिवंत राहतात, पोरगं खाजवतं, तोच हात तोंडात घालतं, परत सुरू. म्हणून सुतकृमीला पहिल्या डोसनंतर २ आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. शाळेतल्या मोहिमेत एकच डोस असतो कारण ती मुख्यतः गोलकृमी, आकडीकृमी यांच्यासाठी आहे.

निफाडकर
पाणी उकळून प्या राव सगळ्यांनी, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेच्या वर गेलं म्हणतात. नळाला गढूळ येतंय आमच्याकडे तर.

सातपूरचा_फिटर
कमरेच्या वर? सकाळी तर गुडघ्याला पण नव्हतं. फोटो टाक.

निफाडकर
गंगेवरच उभा राहून टाइप करतोय का मी? भावाने सांगितलं.

अनघा_नाशिकरोड
पाण्याचा धागा वेगळा काढा ना. हे जंत नळाच्या पाण्यातून नाही, हातातून तोंडात जातात. पाथर्डीफाटा, नखं अगदी बारीक कापा, सकाळी उठल्या उठल्या अंघोळ घाला कारण मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, चड्डी रोज बदला, चादर गरम पाण्यात धुवा आणि धुवायच्या आधी घरात झटकू नका, सगळीकडे उडतात. ऊन दाखवा म्हणणार होते पण ऑगस्टात नाशकात ऊन कुठून आणणार, इस्त्री फिरवा.

टॉमीची_आई
घरात कुत्रा असेल तर त्याला आधी डीवर्मिंग करा. ९०% वेळा कुत्र्यामुळेच.

मेडिकल_काउंटर
हे ९०% कुठून आणले? कुत्र्याचे जंत वेगळे, त्याला औषध द्याच, पण सुतकृमी माणसाकडूनच माणसाला होतात. आणि जाता जाता सांगतो, शेळ्यामेंढ्यांच्या अल्बेंडाझोलची बाटली "औषध तेच आहे" म्हणून घरात वापरणारे पण भेटतात, तसलं काही करू नका.

देवळाली_कॅम्प
जंत कोबीतून मेंदूत जातात, कोबी पूर्ण बंद करा. माझ्या मावसभावाला फिट आली, स्कॅनमध्ये मेंदूत गाठ, पट्टकृमीची निघाली.

अनघा_नाशिकरोड
हे कोणी विचारलं होतं?

मेडिकल_काउंटर
विचारलं नव्हतं, पण त्यात एक कामाची गोष्ट आहे. तो पट्टकृमी वेगळा, आणि कोबीत आपोआप होत नाही, माणसाच्या शीतून अंडी भाजीवर येतात. पण डोक्यात अशा गाठी असल्या आणि माहीत नसलं तर अल्बेंडाझोलने अळ्या मरताना सूज येऊन फिट येऊ शकते. म्हणून घरात कोणाला फिट येत असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जंताची गोळी नाही. फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर अल्बेंडाझोलचा असर कमी पण होतो.

पाथर्डीफाटा
फिट वगैरे कोणाला नाही. बरं मुलाला आज नाही देत. मग बाकीचे आज घेतो, मी, मोठी, आई आणि बायको. बायकोला दुसरा महिना आहे, तिला अर्धी चालेल ना?

अनघा_नाशिकरोड
दुसरा महिना!! हे आत्ता सांगताय??

सातपूरचा_फिटर
नाही भाऊ, तिला नको. हे मी पण नाही सांगणार.

मेडिकल_काउंटर
अर्धी नाही, पाव नाही. पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात, पोटातल्या बाळासाठी. तीन महिन्यांनंतर गरज असेल तर देतात, ते तिच्या डॉक्टर ठरवतील, त्यांना फोन करून जंत दिसल्याचं सांगा. तोपर्यंत तिच्यासाठी नखं, साबण, सकाळची अंघोळ हाच उपाय, आणि मुलाची चड्डी-चादर दुसऱ्या कोणीतरी धुवा. आणि ती बाटली घरात उघडी ठेवू नका, कोणीतरी चमचाभर घेईल.

पंचवटीची_मावशी
पोटुशी बाईला वावडिंग पण देऊ नको हो, तेवढं मात्र मी पण सांगते.

पाथर्डीफाटा
इंदिरानगरला एका बाईंच्या दवाखान्यात जाऊन आलो. मुलाला आत्ता काही नाही, अंगणवाडीच्या गोळीपासून २ आठवडे झाले की दुसरा डोस, साधं अल्बेंडाझोल, लिहून दिलंय. मला, आईला आणि मोठीला एक एक गोळी आता आणि एक २ आठवड्यांनी. बायकोला काही नाही. त्याआधी सकाळी शी-अंघोळीच्या आधी पारदर्शक सेलोटेप त्या जागी हलकी चिकटवून काचपट्टीवर लावून आणायला सांगितलीय, लॅबवाला बघेल. टेप लावताना पोरगा एवढा हसला की शेजारचे उठले. बाटली मेडिकलवाला परत घेईना, काय करू तिचं?

मेडिकल_काउंटर
सीलबंद असली तरी आम्हाला परत घेता येत नाही. मोठीच्या वेळी डॉक्टरने बघून सांगितलं तर वापरा, नाहीतर एक्सपायरीनंतर टाका, नाल्यात ओतू नका.

टॉमीची_आई
म्हणजे कुत्र्याला ही चालेल का? वजन १३ च आहे.