मदत हवी आहे: गावातल्या महायुद्ध स्मारकावरचा ऑइल पेंट आणि सिमेंट कसं काढावं?

नमस्कार मंडळी,

सातारा तालुक्यातलं आमचं गाव. चावडीसमोर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा काळ्या दगडाचा स्तंभ आहे. अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना ठाऊक असतं (त्या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात पडले), पण असे छोटे स्तंभ आणि भिंतीतल्या पाट्या जिल्ह्यात इतरही गावांत आहेत. सण आला की त्यांच्यावर रंगाचा एक हात बसतोच.

आमच्या स्तंभावर आधी चुना बसला, मग चंदेरी, त्यावर लाल ऑइल पेंट. सांध्यांतला जुना चुना पडला तिथं कधीतरी कोणी सिमेंट भरलं. आता सिमेंट शाबूत आहे आणि त्याच्या कडेचा दगड कपच्यांनी सुटतोय. पाऊस सरला की खालच्या दोन थरांना लोणा फुटतो, बोट फिरवलं की पांढरं पीठ हाताला लागतं. माथ्याच्या दोन चिऱ्यांना जोडणारी लोखंडी पट्टी गंजून फुगली आहे, त्यामुळे एका चिऱ्याचा कोपरा तडकलाय. त्याच फटीत पिंपळ.

पाटी संगमरवरी आहे, मजकूर इंग्रजी: १९१४-१९१९, गावातून किती गेले, किती जिवाला मुकले. पाटीचा कोपरा फुटलाय आणि नेमका मृतांचाच आकडा अर्धा गेलाय. उरलेला भाग इंग्रजी तिनाचाही असेल, आठाचाही.

ठेकेदार म्हणतो, ॲसिडने धुतो, ग्रॅनाइट लावतो, स्टीलचं रेलिंग देतो, आकडाही नवा कोरून देतो. कोणता, ते विचारलं तर म्हणे तुम्ही सांगाल तो! संगमरवर ॲसिडने खाल्ला जातो, एवढं ग्रामसभेत सांगून काम तूर्त थांबवलंय. पण मंडळाच्या पोरांना २६ जानेवारीच्या आत काहीतरी झालेलं दिसायला हवं, आणि त्यांचंही चूक नाही.

तर रंग दगडाला इजा न होता कसा उतरवायचा? सिमेंट काढावं की राहू द्यावं? आणि चुन्याचं काम जाणणारा कारागीर आपल्या भागात उरलाय का?

कृष्णाकाठ: दादा, सिमेंट काढाच. ते पाणी अडवतं, मग ओल दगडातून बाहेर पडते आणि क्षार घेऊन येते. तुमचा लोणा त्यातलाच. पण काढायचं छिन्नी-हातोडीने, कटर लावू देऊ नका, चिऱ्यांच्या कडा जातात. सांधे भरायला मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली धुतलेली वाळू तीन भाग. वर ओलं गोणपाट ठेवा, उन्हात भराभर वाळला तर चुना भुकटी होतो. लोणा फुटलेल्या दगडावर कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून लिंपा, वाळला की क्षार ओढून घेऊन सुटतो. रंगाला पेंट रिमूव्हर, आधी मागच्या बाजूला वीतभर जागेत लावून बघा. पाटीपासून लांब ठेवा. तारेचा ब्रश, सँडब्लास्टिंग अजिबात नको. पिंपळ उपटू नका, चिरा घेऊन येईल. कापा आणि ताज्या कापावर तणनाशक लावा. कारागीर वाई-मेणवलीकडे विचारा, तिथं जुन्या देवळांची, घाटांची कामं चालतात.

माजी सैनिक: आकडा अंदाजाने कोरू नका, हात जोडतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो. गावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा, साहेबाने कानाला आलं तसं लिहिलंय. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) पडलेले बरेच जण बसऱ्याच्या स्मारकाखाली सापडतील. तिथं दगडावर हिंदी अधिकाऱ्यांचीच नावं कोरलीत, शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. म्हणून गावातला दगड जपायचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक अर्ज द्या. यादी मिळाली तर फुटक्या पाटीला हात न लावता शेजारी वेगळी पाटी लावा. पोरांना २६ जानेवारीला दाखवायला तेवढं पुरे.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. वेगळ्या पाटीचं सरपंचांना पटलंय, नावं शोधायचं काम मंडळाच्या पोरांनी स्वतःहून घेतलंय. मागच्या बाजूला रिमूव्हर लावून पाहिला, लाल आणि चंदेरी दोन्ही सुटले, खालचा चुना नायलॉन ब्रशने निघतोय. राहिली ती गंजकी पट्टी. काढून तिथं स्टेनलेस स्टीलची बसवावी की गनमेटलची (तांबं-कथलाचा मिश्रधातू), आणि चिरा न उतरवता ती निघते का? केलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.