रोबोटिक्स, थेरप्युटिक रिक्रिएशन की रिअल इस्टेट? मुलांच्या प्रवेशाविषयी सल्ला हवा

प्रेषक: सभासद, फोंडा

स. न. वि. वि.

यजमानांच्या नोकरीनिमित्त टोरांटोला असताना आम्ही तेथील मराठी मंडळाचे सभासद झालो आणि गोव्यात फोंड्याला परतल्यावरही मी सभासदांची ही पत्रे नेमाने वाचते. आज घरचाच प्रश्न घेऊन लिहीत आहे. मुलाने पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलची पदविका घेतली आहे, मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आहे आणि पुतण्या बारावीनंतर घरच्या दुकानात बसतो. एका सल्लागाराने तिघांसाठी ऑन्टारियोतील कॉलेजांचे अभ्यासक्रम सुचवले आहेत: मुलाला रोबोटिक्स, मुलीला थेरप्युटिक रिक्रिएशन (छंद-करमणुकीतून उपचार) आणि पुतण्याला रिअल इस्टेट. तिघांनाही पुढे वर्क परमिट मिळणारच, असे तो सांगतो आणि आठ दिवसांत पहिला हप्ता मागतो. आजारी माणसांना खेळवायला शिकण्यासाठी एवढा पैसा कशाला, असे सासरे विचारतात, तेव्हा मला उत्तर देता येत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रेषक: सभासद, म्हापसा

ताई, सप्रेम नमस्कार.

हप्ता इतक्यात भरू नका. 1 नोव्हेंबर 2024 पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्या कॉलेज पदविकेच्या विद्यार्थ्यांना, त्यांचा विषय कॅनडा सरकारच्या यादीत असेल तरच शिक्षणानंतरचे वर्क परमिट मिळू शकते, आणि ही यादी बदलत असते. प्रत्येक अभ्यासक्रमाचा सहा आकडी सीआयपी क्रमांक (अभ्यासक्रमाच्या विषयाचा अधिकृत वर्गीकरण क्रमांक) सल्लागाराकडून लेखी घ्या आणि तो सरकारी संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहा.

सासऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. मी कॅनडात वृद्धांच्या शुश्रूषागृहात परिचारिका होते. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेल्या, मूळच्या पेडण्याकडच्या एक आजी आमच्याकडे होत्या. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्या सरळ बाजूला सारीत. आमच्या रिक्रिएशन थेरपिस्टने माझ्यामार्फत त्यांना विचारले की, घरी असताना संध्याकाळी तुम्ही काय करीत होता. आजी म्हणाल्या, आबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, करीत होते. दुसऱ्या दिवशी ती थेरपिस्ट केशरी लोकरीचे बोटभर तुकडे आणि जाड दोरा घेऊन आली. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दोन गाठी पडल्या, त्याही सैल. तिने तेवढे वहीत लिहिले, पुढच्या आठवड्याचे उद्दिष्ट चार गाठींचे ठेवले, आणि आजी तिची वाट पाहू लागल्या. आधी माणसाची क्षमता आणि आवड जोखायची, मग योजना आखायची, ती अमलात आणायची आणि परिणाम मोजायचा, असे हे काम आहे, आणि मी ते फार मोलाचे मानते.

तरीही तुमच्या मुलीला एक गोष्ट आधी ठाऊक असावी. कॉलेजच्या पदविकेवर शुश्रूषागृहांत काम मिळू शकते, परंतु या क्षेत्रातील सीटीआरएस हे तज्ज्ञ थेरपिस्टचे प्रमाणपत्र केवळ पदविकेवर मिळत नाही; त्यासाठी साधारणपणे किमान पदवी, ठरावीक विषय आणि प्रमाणित थेरपिस्टच्या देखरेखीखाली सलग 14 आठवड्यांत किमान 560 तासांची इंटर्नशिप लागते. तिची बी.ए. त्यात कितपत धरली जाईल, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारावे. त्याआधी तिने प्रोव्हेदोरियाच्या (गोवा सरकारच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेच्या) एखाद्या वृद्धाश्रमात परवानगी घेऊन दोन महिने सेवा करावी. म्हाताऱ्या माणसाने तीच गोष्ट पाचव्यांदा सांगितली तरी ती मनापासून ऐकता येते का, हे तेथेच कळेल.

पुतण्याच्या बाबतीत मात्र माझे मत स्पष्ट आहे: त्याने तिकडे जाऊ नये. रिअल इस्टेटचा परवाना तेथे प्रांतागणिक वेगळा असतो, आणि ऑन्टारियोचा कायदा पाठ करून आलेल्याला गोव्यात त्याचा उपयोग नाही. येथे एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-कब्जाची सरकारी नोंद) वाचता यावा लागतो, कुळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का ते पाहावे लागते, जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकीची, नाही ना याची खात्री करावी लागते, सनद (जमीन बिगरशेती केल्याची परवानगी) तपासावी लागते. आपल्या गोव्याच्या समान नागरी कायद्यामुळे बहुतेक घरांत नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून विक्रीखतावर दोघांची सही लागते, आणि मूळ मालक वारला असेल तर वारसांची इन्व्हेंटरी (वारस ठरवून वाटणी करण्याची कायदेशीर प्रक्रिया) झाली आहे का, हेही पाहावे लागते. माझ्या माहेरच्या जमिनीचा व्यवहार एका वारसाची सही राहिल्यामुळे चार वर्षे अडकला होता. मध्यस्थाने ते कागद उघडूनही पाहिले नव्हते. पुतण्याने एखाद्या वकिलाच्या हाताखाली वर्षभर हे कागद हाताळावेत आणि 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याखाली एजंट म्हणून नोंदणी करावी.

मुलाचे शिक्षण कोठेही चालण्यासारखे आहे. फक्त कॉलेजला एवढे विचारावे की, सहा अक्षांचे किती रोबो आहेत आणि एका विद्यार्थ्याच्या हाती टीच पेंडंट (रोबोला हालचाली शिकवण्याचे हातातले यंत्र) आठवड्यातून किती तास येतो. त्याआधी कुंडई किंवा वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीत वर्षभर अप्रेंटिसशिप करून पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक संगणक) आणि सेन्सरचे बिघाड शोधण्याची सवय झाली, तर पुढचे शिक्षण त्याला दुप्पट उपयोगी पडेल.

प्रेषक: सभासद, फोंडा

ताई, आपले पत्र मी सर्वांसमोर वाचून दाखवले. आजींच्या फातींचा मजकूर सासऱ्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि नंतर ते मुलीला म्हणाले की, तू आधी वृद्धाश्रमात जाऊन ये, पैशाचे मग बघू. सल्लागाराकडे सीआयपी क्रमांक लेखी मागितला आहे. तो येईपर्यंत हप्ता भरणार नाही. मुलगा सोमवारी कुंडईला चौकशीसाठी जात आहे. पुतण्या जरा हिरमुसला आहे, पण आमच्याच बागायतीचा उतारा घेऊन काल रात्री काकांजवळ बसला होता. मुलीच्या सेवेचे पत्र घेताना त्यावर तासांची नोंद असावी का, एवढे कृपया कळवावे.