मदत हवी आहे: कोंबड्या आणि ससे एकाच जाळीत ठेवले तर चालतील का?

नमस्कार मंडळी, आम्ही चिपळूणजवळ राहतो, परसात आंब्याखाली जाळीचं कुंपण घालून गिरिराज जातीच्या कोंबड्या आणि एक कोंबडा पाळलाय, आता मुलीच्या हट्टापायी दोन पांढरे ससे आणायचे ठरतंय आणि घरचे म्हणतात वेगळा पिंजरा कशाला, जागा आहे की तिथेच सोड.

मला मात्र धाकधूक आहे. कोंबड्यांच्या विष्ठेतून सशांना साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो आणि सशांच्या नाकात पाश्चुरेला नावाचा जिवाणू असतो तो कोंबड्यांना लागू शकतो असं वाचलंय, शिवाय आमचा कोंबडा भारी खाष्ट, डोळ्यावर चोच मारली तर? खाण्याचाही घोळच, सशाला मुख्यतः गवत हवं आणि हे ससे लेयर मॅशवर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यावर) ताव मारणार, त्यात कॅल्शियम किती जास्त असतं!

दिवसा एकत्र मोकळे आणि रात्री वेगळी खुराडी असं कोणी केलंय का? ससे बीळ खणून जाळीखालून पळू नयेत (आणि मुंगूस आत येऊ नये, ते तर आमच्याकडे रोजचंच) म्हणून जाळी किती खोल पुरलीत? पावसाळ्यात ओल कशी सांभाळता? ज्यांनी खरंच पाळलेत त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूबवाले सगळे गोड गोड दाखवतात.